चिरशांतीची नगरी : चांगआन

शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात ह्युएन-त्संग हा चिनी यात्रेकरू एका पानावर येतो आणि दुसऱ्या पानावर निघून जातो. नालंदेस त्याने अध्ययन केले, सम्राट हर्षाने त्याचा सत्कार केला, दक्षिणेत चालुक्य पुलकेशीच्या राज्यातून तो हिंडला, आणि "नंतर तो मायदेशी परतला" या चार शब्दांवर धडा संपतो. मायदेशी म्हणजे नेमका कोठे, असे विचारणारा विद्यार्थी वर्गात क्वचितच भेटतो. आणि भेटला तर शिक्षकाला नकाशा शोधावा लागतो.

इ. स. ६४५ च्या प्रारंभी ह्युएन-त्संग ज्या नगरात परतला त्याचे नाव चांगआन. 'चांग' म्हणजे दीर्घकाळ टिकणारी आणि 'आन' म्हणजे शांती. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून तो वेशीपाशी आला, तेव्हा त्याच्या दर्शनास लोकांची अलोट गर्दी लोटली होती. विस्ताराने या नगराच्या तोडीचे तटबंदीचे नगर त्या काळी जगात दुसरे नव्हते. त्याच्या भरभराटीच्या दिवसांतील लोकसंख्येचा अंदाज इतिहासकार दहा लाखांच्या आसपास करतात. आज त्या दहा लाख माणसांचे एकही घर उभे नाही. रोमचे भग्नावशेष आपण चित्रांत पाहतो, हंपीचे तर प्रत्यक्ष जाऊन पाहतो. मग चांगआनचेच असे का व्हावे? हे समजून घ्यावयाचे, तर ते नगर कशाचे बांधले होते आणि कोणाच्या हुकमाने बांधले होते, येथून आरंभ केला पाहिजे.

चीनच्या उत्तर-मध्य भागात शेन्शी नावाचा प्रांत आहे. त्यातून वेई नदी पूर्वेकडे वाहत जाऊन ह्वांग-हो, म्हणजे पीत नदी, हिला मिळते. वेईच्या खोऱ्याच्या दक्षिणेस छिनलिंग पर्वताची भिंत आहे. इतर बाजूंनीही आत येण्याचे मार्ग मोजक्या खिंडींतूनच आहेत. म्हणून चिनी लोक या मुलखाला 'क्वानचुंग', म्हणजे खिंडींच्या आतला प्रदेश, असे म्हणतात. येथे राहणाऱ्या राजाला खिंडींवर चौक्या बसविल्या की पाठीची चिंता उरत नसे. ख्रिस्तपूर्व अकराव्या शतकात चौ राजांनी आपली राजधानी याच भागात वसविली होती. पुढे सारा चीन प्रथमच एका छत्राखाली आणणारा छिन सम्राट ख्रि. पू. २२१ मध्ये येथूनच, वेईच्या काठच्या श्यनयांग नगरातून, राज्य करू लागला. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीच्या सैनिकांची जी फौज सापडली, ती याच सम्राटाच्या समाधीजवळची. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांतच, ख्रि. पू. २०६ मध्ये, श्यांग यू नावाच्या सेनापतीने त्याचे राजवाडे जाळून टाकले. ती आग तीन महिने धुमसत होती, असे चिनी इतिहासात नमूद आहे.

आगीचे हे आख्यान चांगआनच्या इतिहासात पुनःपुन्हा येते, त्याचे कारण तेथील बांधकामात आहे. या खोऱ्यात वाऱ्याने वाहून आणलेल्या पिवळ्या, बारीक मातीचे खोल थर आहेत. चांगला दगड डोंगरात. माती मात्र पायाखालीच. तेव्हा भिंत उभारावयाची असली म्हणजे दोन बाजूंस लाकडी फळ्या उभ्या करीत, मध्ये ओलसर माती टाकीत, आणि ती धुमसाने ठोकठोकून वीतभराहून कमी जाडीचा टणक थर करीत. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. चिऱ्याच्या भिंती पाहण्याची सवय असलेल्या आम्हा गोवेकरांना मातीची भिंत म्हटली की पहिल्या पावसातच तिची धास्ती वाटते. पण तेथला पाऊस आपल्या मानाने फारच थोडा, आणि या रीतीने ठोकलेली माती दोन हजार वर्षांनंतरही कुदळीला दाद देत नाही. तट मातीचे, जोती मातीची, आणि त्या जोत्यांवर खांब, तुळया नि छपरे लाकडाची. राजवाडाही असाच आणि कोष्ट्याचे घरही असेच, फरक आकाराचा. अशा नगरातील लाकूड जाळता येते, उचलून नेता येते. मागे उरतात ते मातीचे उंचवटे, आणि त्यांवरून नांगर फिरतो.

श्यनयांग जळाल्यावर चार वर्षांनी, ख्रि. पू. २०२ मध्ये, ल्यू बांग नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने हान वंशाची स्थापना केली, आणि पडीक श्यनयांगच्या समोर, वेईच्या दक्षिण तीरावर, चांगआनचा जन्म झाला. त्याच्या जन्मकथेत आम्हांला आवडणारा एक प्रसंग आहे. सम्राट मोहिमेवर असता श्याओ ह या त्याच्या प्रधानाने 'वैयांग' नावाचा भव्य राजवाडा बांधून ठेवला. परत आल्यावर सम्राट संतापला. देश अजून लढायांनी होरपळत आहे, आपले आसन टिकते की नाही याचाच भरवसा नाही, आणि असल्या वेळी हा डौल कशासाठी, असे त्याने विचारले. श्याओ ह म्हणाला की, भरवसा नाही म्हणूनच हा डौल हवा. वास्तू भव्य नसेल तर लोकांना धाक वाटणार नाही. शिवाय पुढे येणाऱ्यांना हिच्यात भर घालावयास जागाच उरू नये. सम्राट प्रसन्न झाला. प्रधानाचा हजरजबाबीपणा मान्य करूनही असे म्हणावे लागते की त्याच्या उत्तराचा शेवटचा भाग साफ खोटा ठरला. पुढच्या सम्राटांनी भर घातलीच, आणि भरपूर घातली.

राजवाडे आधी आणि तट मागून, असा हा क्रम होता. तटाचे काम ल्यू बांगच्या मुलाच्या कारकीर्दीत ख्रि. पू. १९४ ते १९० या काळात झाले. ख्रि. पू. १९२ च्या वसंतात आसपासच्या मुलखातील १,४६,००० स्त्रीपुरुष तीस दिवसांच्या वेठीवर लावले होते, असा उल्लेख आहे. सम्राटांची नावे आपण तोंडपाठ करतो. या दीड लाखांपैकी एकाचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही. तटाचा घेर सुमारे २५ किलोमीटर होता आणि त्याला बारा वेशी होत्या. इ. स. २ च्या खानेसुमारीत चांगआनची ८०,८०० कुटुंबे आणि २,४६,२०० माणसे नोंदलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी घरोघर माणसे मोजून आकडा लिहून ठेवणारे राज्य किती कागदी शिस्तीचे असेल, असे आम्ही म्हणणार होतो; पण तेव्हा लिहिण्यासाठी कागद रूढ झालेला नव्हता, बहुतेक लिखाण बांबूच्या नि लाकडाच्या पट्ट्यांवर होई!

याच चांगआनमधून भारताचे नाव चिनी इतिहासात प्रथम दाखल झाले. उत्तरेकडील श्युंगनू या लढाऊ भटक्या टोळ्यांविरुद्ध मित्र शोधण्यासाठी सम्राट वू याने चांग छिएन नावाच्या अधिकाऱ्यास शंभरांहून अधिक माणसे देऊन पश्चिमेकडे धाडले. वाटेतच श्युंगनूंनी त्याला धरले आणि दहा वर्षे अडकवून ठेवले. तेथेच त्याने लग्न केले, त्याला मुलगा झाला. पण सम्राटाने दिलेला राजदूताचा दंड त्याने हातचा सोडला नाही. अखेर निसटून तो मध्य आशियात पोहोचला. ज्या मित्रासाठी गेला त्याने लढण्यास नकार दिला, आणि तेरा वर्षांनी, ख्रि. पू. १२६ च्या सुमारास, तो परतला तेव्हा मूळच्या शंभरांतून त्याच्यासह दोघेच उरले होते. म्हणजे मोहीम फसली. परंतु बल्खच्या बाजारात त्याने एक चमत्कार पाहिला होता. तेथे चीनच्या नैर्ऋत्येकडील मुलखातले कापड आणि बांबूच्या काठ्या विकावयास होत्या! हा माल आला कोठून, असे विचारता व्यापाऱ्यांनी सांगितले की, 'शन्दू' देशातून. तेथे उकाडा फार, मोठी नदी आहे, आणि तेथील लोक हत्तीवर बसून लढतात. शन्दू म्हणजे सिंधू, म्हणजेच आपला देश. ज्या मार्गांना आज 'रेशीममार्ग' म्हणतात त्यांची माहिती चांगआनच्या दरबारात अशी एका अयशस्वी दूताच्या तोंडून पोहोचली.

हान वंशाच्या उत्तरार्धात राजधानी पूर्वेकडे लोयांगला गेली, आणि चांगआनच्या नशिबी चार-पाच शतके लुटालूट, अल्पजीवी राजघराणी आणि अधूनमधून थोडी उसंत, असे दिवस आले. या काळातील राजांची यादी देऊन वाचकांस शिणवीत नाही. एक नाव मात्र घेतलेच पाहिजे, ते राजाचे नव्हे. इ. स. ४०१ च्या अखेरीस कुमारजीव हा पंडित चांगआनला आला. त्याचा पिता भारतीय आणि माता मध्य आशियातील कूचा येथील राजकन्या. दोन लष्करी स्वाऱ्यांच्या ओढाताणीत त्याची अनेक वर्षे कैद्याप्रमाणे गेली होती, आणि त्या सक्तीच्या मुक्कामातच त्याने चिनी भाषा आत्मसात केली. चांगआनला शेकडो सहकाऱ्यांसमवेत त्याने केलेली सद्धर्मपुंडरीकादी ग्रंथांची भाषांतरे चीन, जपान आणि कोरियात आजही पठणात आहेत. पुढे झालेली, शब्दाशी अधिक प्रामाणिक अशी भाषांतरेही त्याची जागा घेऊ शकली नाहीत. भाषांतर करणाऱ्याने याचा विचार करावा.

इ. स. ५८२ मध्ये स्वै वंशाच्या पहिल्या सम्राटाने जुन्या चांगआनला रामराम ठोकण्याचे ठरविले. जवळजवळ आठशे वर्षांच्या वस्तीने तेथील विहिरींचे पाणी मचूळ झाले होते. जुन्या नगराच्या आग्नेयेस मोकळ्या पठारावर नवे नगर आखण्याचे काम युवन खाय या अवघ्या सत्तावीस वर्षांच्या स्थापत्यविशारदाकडे आले. ५८३ च्या वसंतात, म्हणजे वर्षही पुरे होण्याच्या आत, सम्राट तेथे राहावयास गेला. बाहेरचा तट पुरा होण्यास मात्र ६५४ साल उजाडले. ६१८ मध्ये स्वै वंश जाऊन तांग वंश आला, आणि त्याने या नव्या नगराला जुनेच चांगआन हे नाव दिले. ह्युएन-त्संग परतला तो या नगरात.

युवन खायचा आराखडा बुद्धिबळाच्या पटासारखा होता. पूर्व-पश्चिम ९,७२१ मीटर, दक्षिणोत्तर ८,६५१ मीटर, असा सुमारे ८४ चौरस किलोमीटरांचा आयत. त्यात उत्तरेस मध्यभागी राजवाडा, त्याच्या पुढ्यात कचेऱ्या, आणि तेथून दक्षिणेच्या वेशीपर्यंत सरळ रेषेत जाणारा राजमार्ग. या राजमार्गाची रुंदी सुमारे १५० मीटर होती. फुटबॉलचे मैदान आडवे घातले तरी त्याची लांबी या रस्त्यात मावून बरीच जागा उरेल! रस्ता अर्थात मातीचाच. दोन्ही कडांना चर आणि झाडांच्या रांगा. पाऊस झाला म्हणजे चिखल इतका होई की कधी कधी दरबार रहित करण्याची पाळी येई. राजमार्गाच्या दोन्ही अंगांस आडव्याउभ्या रस्त्यांनी शंभराहून अधिक पेठा पाडल्या होत्या. सामान्यतः त्यांची संख्या १०८ सांगतात. चिनी भाषेत पेठेला 'फांग' म्हणत. पण आपल्याकडील पेठ आणि हा फांग यांत मोठे अंतर आहे. फांगच्या चारी बाजूंस मातीची भिंत असे, तिला दोन किंवा चार दरवाजे असत, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांखेरीज कोणासही आपल्या घराचे दार हमरस्त्यावर काढण्याची मुभा नसे. थोडक्यात, शहराच्या पोटात शंभरावर लहान लहान तटबंद गावे.

या गावांना नगाऱ्याच्या तालावर जगावे लागे. सायंकाळी नगाऱ्याचे शेकडो ठोके पडत. ते संपण्याच्या आत ज्याने त्याने आपली पेठ गाठली पाहिजे. दरवाजे बंद झाल्यावर हमरस्त्यावर सापडणाऱ्यास वीस छड्यांची शिक्षा कायद्यात लिहिलेली होती. सरकारी तातडीचे काम, घरातील आजार, मृत्यू किंवा विवाह अशा कारणांपुरती सवलत मिळे. पेठेच्या आतल्या आत मात्र फिरण्यास आडकाठी नव्हती. पहाटे पुन्हा नगारे, पुन्हा दरवाजे उघडणे. बाजारालाही हाच नियम. पूर्वेचा एक आणि पश्चिमेचा एक, असे दोन सरकारी बाजार होते. दोन्ही सुमारे एकेक किलोमीटर लांबी-रुंदीचे. भर दुपारी नगाऱ्याचे ३०० ठोके पडले म्हणजे बाजार उघडे, आणि सूर्यास्ताच्या काही वेळ आधी काशाच्या थाळीवर ३०० ठोके पडले की उठे. सकाळी मुलाला ताप आला तर औषधी आणावयास दुपारपर्यंत थांबावे लागत असेल काय, असा विचार आमच्या मनात येतो.

माणसे पटावरची प्यादी नसतात, हे पुढे दिसून आलेच. दक्षिणेकडील पेठा राजवाड्यापासून दूर म्हणून तेथे वस्ती अशी कधी भरलीच नाही. नगराच्या तटाच्या आत तेथे शेती होत राहिली. उलट बाजारांच्या जवळच्या पेठांत खेटाखेट झाली. लोकांनी हळूहळू पेठांतच दुकाने थाटली, भिंतींना दारे पाडली, रात्री दिवे लावून विक्री सुरू केली. इ. स. ८४० मध्ये राजधानीतील रात्रीचे बाजार बंद करण्याचा हुकूम निघाला, यावरूनच ते किती फोफावले होते ते कळते. आराखडा हुकमाने होतो, परंतु शहर राहणाऱ्यांच्या गरजांनी घडते. युवन खायच्या नकाशाहून नियम मोडणारे हे दुकानदारच आम्हांला अधिक जवळचे वाटतात.

पश्चिमेचा बाजार परदेशी व्यापाऱ्यांचा. समरकंदच्या बाजूचे सोग्दी, इराणी, तुर्क अशी माणसे तेथे घोडे, रत्ने, सुगंधी द्रव्ये, द्राक्षांचे मद्य घेऊन येत. १९७० साली शीआनमधील एका खेड्याच्या जागी जमिनीत पुरलेले घडे सापडले, त्यांत सोन्याचांदीच्या भांड्यांसोबत इराणच्या सासानी बादशहाचे रौप्य नाणे, पूर्व रोमन बादशहाचे सुवर्णनाणे आणि जपानची रौप्य नाणी होती. एका घरातील ठेव्यात अर्धे जग! ख्रिस्ती धर्माची सीरियाई शाखाही ६३५ मध्ये येथे पोहोचली होती. तिच्या चांगआनमधील इतिहासाची नऊ फुटांहून उंच शिला ७८१ मध्ये उभारली गेली. तिच्यावर चिनी आणि सीरियाई अशा दोन्ही लिपी आहेत. ती जमिनीत गडप झालेली शिला १६२५ च्या सुमारास उकरून निघाली. पुढील काही वर्षांतच आल्व्हारो सेमेदो या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्याने ती प्रत्यक्ष पाहिली आणि तिची वार्ता युरोपात नेली. हा सेमेदो लिस्बनहून गोव्यामार्गेच चीनला गेला होता.

भारतीयांचे तर तेथे एक घराणेच नांदत होते. तांग दरबाराच्या ज्योतिष कचेरीत 'गौतम' कुळातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या अधिकारावर होते. त्यांपैकी गौतम सिद्ध याने इ. स. ७१८ मध्ये भारतीय गणितावर आधारलेले नवग्रहांचे करण चिनी भाषेत उतरविले. त्यात आपले अंक आणि शून्यासाठी टिंब समजावून सांगितले आहे, आणि ज्या-कोष्टक, म्हणजे त्रिकोणमितीतील 'साइन'चे कोष्टकही दिले आहे. तेथील गणित्यांनी ही अंकपद्धती तेव्हा उचलली नाही, कारण त्यांची स्वतःची काड्यांनी हिशेब करण्याची रीत चांगली चालत होती. १९७७ साली शीआनच्या दक्षिणेस या सिद्धाचा मुलगा गौतम च्वान याची कबर लेखासह सापडली, आणि त्या लेखाने घराण्याची वंशावळ उजेडात आली. आपल्या कुळाचे नाव परक्या लिपीत जपणारी ही माणसे तोवर पूर्णपणे तिथली झाली होती.

आता ह्युएन-त्संगाकडे वळू. तो परवान्यावाचून देश सोडून गेलेला माणूस. पण सतरा-अठरा वर्षांनी परतल्यावर सम्राट ताइत्सुंग याने त्याला शिक्षा करण्याऐवजी मंत्रिपद देऊ केले. ह्युएन-त्संगाने ते नाकारले आणि भाषांतरासाठी मठ मागितला. सम्राटाने मठ दिला, पण पश्चिमेकडील देशांचे वर्णन आधी लिहून द्यावयास सांगितले. सम्राटाला कोणत्या देशात कोणता राजा, किती सैन्य, कोणते रस्ते, हे हवे होते. तो ग्रंथ ६४६ मध्ये पुरा झाला. महाराष्ट्राविषयीचे जुने परकीय वर्णन म्हणून आपण ज्याचा दाखला देतो ते याच ग्रंथात आहे. तेथील माणसे साधी पण मानी, उपकार न विसरणारी आणि अपमान न गिळणारी. सूड घेण्यापूर्वीही शत्रूला सावध करणारी. पराभूत सेनापतीला दुसरी शिक्षा न करता स्त्रीचे वस्त्र देणारी. आणि हर्षालाही न नमणारा पुलकेशी राजा, हे सारे चांगआनच्या एका मठात बसून चिनी लेखणीने लिहिले गेले. पुलकेशीच्या स्वतःच्या बाजूचा ऐहोळे येथील शिलालेख त्याच्या आधी बारा वर्षे कोरलेला आहे. दोन साक्षी जुळतात, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाला जो आनंद होतो तो विद्यार्थ्यांनी कधीतरी अनुभवावा.

उरलेले आयुष्य ह्युएन-त्संगाने भाषांतरात घालविले. ६६४ मध्ये तो वारला, तोवर ७५ ग्रंथ, १,३३५ गुंडाळ्या भरतील एवढे लिखाण, पुरे झाले होते. आणलेल्या पोथ्यांना आगीचे भय होते. लाकडाच्या शहरात ते असणारच. म्हणून त्याने दगडी स्तूप बांधण्याची अनुज्ञा मागितली. दगडाचा खर्च झेपण्यासारखा नाही, विटांचा बांधा, असे उत्तर आले. ६५२ मध्ये काम सुरू झाले तेव्हा पन्नाशीतला हा पंडित स्वतः टोपलीतून विटा वाहत होता, असे त्याच्या चरित्रकाराने लिहिले आहे. बाहेरून विटा आणि आतून माती, अशा त्या स्तूपाच्या भेगांतून झाडे उगवली, आणि पन्नास वर्षांतच तो पुन्हा बांधावा लागला. त्या दुसऱ्या बांधणीचा, पुढे अनेकदा दुरुस्त झालेला, ६४ मीटर उंचीचा सातमजली स्तूप अजून उभा आहे. चांगआनची ओळख म्हणून छापले जाणारे चित्र बहुधा याचेच असते.

एवढे मोठे नगर खात काय होते? खिंडींच्या आतल्या ज्या मुलखाने राजांना सुरक्षितता दिली, त्या मुलखाला दहा लाख तोंडे पोसता येत नव्हती. धान्य पूर्वेकडून आणि यांगत्से नदीच्या खोऱ्यातून आणावे लागे. होड्या पीत नदीने वर येत, आणि सानमन नावाच्या खडकाळ घळीत कित्येक फुटत. दुष्काळ पडला म्हणजे सम्राट, राण्या, मंत्री, शिपाई असा सारा लवाजमा धान्याजवळ, म्हणजे लोयांगला, मुक्कामास जाई. ७०९ च्या दुष्काळात मंत्र्यांनी हाच सल्ला दिला, तेव्हा सम्राट चुंगत्सुंग रागावला आणि धान्यामागे धावणारा सम्राट कोठे असतो काय, असे त्याने विचारले. दिमाख शोभणारा होता, पण चांगआनच्या गल्लीत त्या साली धान्याचा भाव काय झाला असेल, त्याचा हिशेब दिमाखात बसत नाही. पुढे ७३४ पासून पेइ याओछिंग या मंत्र्याने टप्प्याटप्प्यांवर कोठारे बांधली, प्रत्येक होडीने आपल्याच टप्प्यात फिरावे असा नियम केला, आणि ती घातक घळ गाड्यांनी जमिनीवरून टाळली. तीन वर्षांत सत्तर लाख माप धान्य आले. राजधानीचे खरे रक्षक आम्ही खिंडींवरील शिपायांना नव्हे, तर या कोठारवाल्याला म्हणू.

७५५ मध्ये आन लूशान या सेनापतीने बंड केले, आणि पुढच्याच वर्षी चांगआन पडले. सम्राटाने ते परत मिळविले खरे. पण ७६३ मध्ये तिबेटी सैन्याने ते पंधरा दिवस लुटले. ८४५ मध्ये एका सम्राटाने बौद्ध मठ मोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा राजधानीत अवघे चार मठ राखले. सुदैवाने ह्युएन-त्संगाच्या स्तूपाचा मठ त्या चारांत होता. ८८१ च्या प्रारंभी ह्वांग छाओचे बंडखोर सैन्य नगरात शिरले आणि दोन वर्षे राहिले. जे त्यांनी जाळले नाही ते त्यांना हाकलून देणाऱ्या सरकारी फौजेने लुटले.

तरीही नगर मोडले ते आगीने नव्हे. इ. स. ९०४ मध्ये चू वन या लष्करशहाने बालिश सत्ता उरलेल्या सम्राटास लोयांगला हलविण्याचा हुकूम सोडला, आणि नगरवासीयांनाही बरोबर चालते केले. राजवाडे, कचेऱ्या आणि लोकांची घरे उतरवून त्यांच्या तुळया नि खांब वेईच्या पात्रात टाकण्यात आले. तराफे वेईतून पीत नदीत आणि तेथून तीनशे किलोमीटरांहून दूर लोयांगकडे वाहत गेले. रडत चाललेल्या लोकांची रांग महिनाभर तुटली नाही, असे इतिहासकार लिहितात. त्याच वर्षी त्या सम्राटाचा खून झाला. तीन वर्षांनी तांग वंश संपला. ५८२ चा हुकूम आणि ९०४ चा हुकूम यांच्यामध्ये ३२२ वर्षे होतात.

मागे राहिलेल्या सुभेदाराने कचेऱ्यांच्या भागापुरताच तट नीट करून लहानसे गाव वसविले. ते जुन्या नगराच्या सोळाव्या हिश्शाएवढेही नव्हते. ८३७ मध्ये बारा प्राचीन चिनी ग्रंथ ११४ शिलांवर, साडेसहा लाख अक्षरांत, कोरून ठेवले होते. त्या शिला या नव्या तटाच्या बाहेर रानात पडून राहिल्या. पुढे त्या आत आणण्यात आल्या, आणि आज 'शिलांचे अरण्य' या नावाच्या संग्रहालयात सेमेदोने पाहिलेल्या शिलेच्या शेजारी त्या आहेत. १३६९ मध्ये मिंग राजवटीने गावाला शीआन, म्हणजे पश्चिमेची शांती, हे नाव दिले. शीआनमध्ये प्रवासी ज्या विटांच्या तटावर फिरतात, तो सुमारे १४ किलोमीटर घेराचा तट याच मिंग काळातील आहे. पुष्कळांना तो ह्युएन-त्संगाच्या वेळचा वाटतो.

मूळ आराखडा पाहावयाचा, तर जपानात जावे लागते. नारा ही राजधानी ७१० मध्ये आणि क्योतो ७९४ मध्ये चांगआनच्या धर्तीवर आखली गेली. जपान्यांनी चौकटी घेतल्या, राजमार्ग घेतला, नगराभोवतीचा अखंड तट मात्र घेतला नाही. क्योतोचे सरळ रस्ते आजही वापरात आहेत. शीआनमध्ये १९५० नंतरच्या दशकात पुराणवस्तुसंशोधकांनी वेशींची नि राजवाड्यांची जोती मोजण्यास आरंभ केला. वर दिलेली मापे त्या खणत्यांतून हाती आली आहेत. २०१४ मध्ये वैयांग राजवाड्याची जागा, तांगांच्या तामिंग राजवाड्याची जागा आणि ह्युएन-त्संगाचा स्तूप यांची गणना जागतिक वारशात झाली. पहिल्या दोन ठिकाणी पाहण्यासारखे म्हणजे ठोकलेल्या मातीचे लांबरुंद चौथरे आहेत. स्तूपाच्या पायथ्याशी दक्षिणेकडील दाराच्या दोहों अंगांस मात्र ६५३ मध्ये कोरलेल्या दोन काळ्या शिला आहेत. त्यांवर ताइत्सुंग आणि त्याचा मुलगा या दोन सम्राटांनी ह्युएन-त्संगाच्या भाषांतरांसाठी लिहिलेली प्रस्तावना आहे, आणि तिची अक्षरे अजून स्वच्छ वाचता येतात.